पळणारी एक, पाठीशी किती?

परवा एका रविवारी सकाळच्या चहाबरोबर आमच्या घरात छोटेसे महाभारत झाले. कारण तसे क्षुल्लक. म्हणजे ज्याच्यावर ते गुदरले तो सोडून बाकी सर्वांना क्षुल्लक वाटावे असे. माझ्या पुतण्याचा मुलगा, वय वर्षे तेरा, शाळेच्या क्रिकेट संघातून वगळला गेला होता. पुतण्या दादरलाच आमच्या मागच्या गल्लीत राहतो आणि रविवारी सहकुटुंब आमच्याकडे येतो. त्या दिवशी तो आला तोच मुळी फुरफुरत.

"काका, तुम्हीच सांगा. याला मी काय कमी केलं? बॅट आणली, बूट आणले, भली मोठी फी भरून शिकवणी लावली. रविवारचीसुद्धा झोप मोडून पहाटे याला मैदानावर पोचवतो. आता यापुढे जबाबदारी कोणाची? याची की माझी?"

चिरंजीव खारी चहात बुडवीत होते. खारीचा तुकडा मोडून कपात पडला तरी त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

पुतण्या एका अमेरिकन कंपनीत नोकरीला आहे, त्यामुळे त्याच्या बोलण्यात 'तिकडे' हा शब्द वरचेवर येतो. "तिकडे बघा. तिकडे खेळाडूला कोणी हात धरून चालवत नाही. आपली जबाबदारी आपण घ्यायची, नाहीतर घरी जायचं!"

मी पडलो घरातला म्हातारा. दोन्ही बाजूंना मान डोलावणे हा माझा हक्क. तो मी बजावला. पण आमच्या सौ.नी स्वयंपाकघराच्या दारातून एकच प्रश्न टाकला, "त्याला काढलं ते कशासाठी, हे त्याला कोणी सांगितलंय का रे?"

पुतण्याने मुलाकडे पाहिले. मुलाने नकारार्थी मान हलवली. फळ्यावर यादी लागली, तीत नाव नव्हते, एवढेच त्याला ठाऊक होते.

विषय तेथे संपला आणि मंडळी पोह्यांकडे वळली. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, आणि योगायोग असा की पुढच्याच आठवड्यात मला जव्हारला जायचे होते.

जव्हार म्हणजे मुकणे राजांचे जुने संस्थान. आता ते पालघर जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा काढला. आपली मुंबईकर मंडळी पावसाळ्यात तेथे जातात, दाभोशाचा धबधबा बघतात, जयविलास राजवाड्यापुढे फोटो काढतात आणि थंड हवेची तारीफ करीत परततात. १९९२ साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालके दगावली, तेव्हा कुपोषण हा शब्द घरोघर पोचला होता. तेवढे दिवस सोडले तर त्या मुलखाची आठवण आपल्याला एरवी फारशी होत नाही.

काही वर्षांपूर्वी ठाण्याला शिक्षकांच्या एका शिबिरात मी भाषण झोडले होते. त्या वेळी ओळख झालेला एक तरुण, मूळचा मोखाडा तालुक्यातला, आज त्या भागातल्या एका आश्रमशाळेत शिकवतो. शिकवतो गणित, पण खरा जीव मैदानावर. 'काका, एकदा आमच्या मुलींचं पळणं बघायला या,' असा त्याचा लकडा होता. तेव्हा ठाण्याहून एस.टी. पकडली आणि भिवंडी, वाडा, विक्रमगड करीत, हाडे खिळखिळी करून घेत, जव्हारला उतरलो. पुढे त्याच्या मोटारसायकलीवर मागे बसलो. या वयात तो पराक्रमच म्हणायचा. घरी सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी मैदानावर होतो. मैदान म्हणजे एक माळ. स्पर्धेची धावपट्टी चारशे मीटरची असते. पण या माळाच्या एका अंगाला कातळ आहे, म्हणून इथली फेरी तीनशे मीटरचीच. मास्तरांनी ती दोरीने मोजून चुन्याने आखली होती. अकरा मुली, सातवी ते दहावीच्या. चौघी-पाचजणींच्या पायात बूट, बाकीच्या अनवाणी. पण सगळ्या पळत होत्या एका ओळीत, एकीमागे एक, बैलगाड्यांची रांग चालावी तशा.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सर्वांत पुढे पळणारी मुलगी धापा टाकीत होती आणि तिच्या मागची, उंच, काटक, आठवीतली मुलगी मात्र अगदी सहज, जणू विहिरीवर निघाल्यासारखी पळत होती. मी म्हटले, "अहो, हिला पुढे का सोडत नाही?"

"आज पुढे राहायची पाळी तिची नाही," मास्तर म्हणाले. "लांब पल्ल्याच्या पळण्यात पुढचीला दुप्पट त्रास. वारा तिनं अंगावर घ्यायचा, वेगाचा हिशेब तिनं डोक्यात ठेवायचा. मागची नुसती पुढचीच्या पाठीकडे बघत पळते. म्हणून प्रत्येकीनं चार-चार फेऱ्या पुढे राहायचं. सगळ्यांत मंद पोरीनंसुद्धा. ती पुढे असताना वेग कमी पडला तर मागच्या ओरडायच्या नाहीत. तिला फक्त आकडा सांगायचा."

पळणे संपल्यावर सगळ्या जणी कातळावर बसल्या आणि प्रत्येकीने दप्तरातून एक वही काढली. सकाळी उठल्या उठल्या मनगटावर बोट ठेवून मोजलेली नाडी, किती फेऱ्या, किती वेळात, काल रात्री काय जेवले, पायात कुठे दुखते का, असे पाच रकाने. मास्तर वही रोज वाचतात. पण तिच्यात स्वतः काही लिहीत नाहीत. नाडी दोन दिवस चढलेली दिसली की त्या मुलीचे पळणे बंद. ती कितीही रडो.

"खोटं लिहिलं तर?" माझ्यातल्या जुन्या मास्तराने विचारले.

"लिहिलं होतं की एकीनं. आठ फेऱ्या मारून दहा लिहिल्या. मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर तिच्या हातात घड्याळ दिलं आणि बाकीच्या दहाजणींच्या फेऱ्या तिनं मोजायच्या, असं ठरवलं. त्यानंतर तिची वही बिनचूक आहे."

शाळेच्या कार्यालयात भिंतीवर वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण चिकटवलेले होते. त्यावरचा चेहरा मी ओळखला. कविता राऊत. मोखाड्याच्या पलीकडे डोंगराची घडी ओलांडली की नाशिक जिल्ह्यातला त्र्यंबकचा मुलूख लागतो. तेथे हरसूलजवळ सावरपाडा नावाचा लहानसा आदिवासी पाडा आहे. त्या पाड्यातली ही मुलगी, जन्म १९८५ चा. वृत्तपत्रांनी तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत तिने दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. पुढे होत्या फक्त केनियाच्या दोघी. राष्ट्रकुल स्पर्धेच्या धावपट्टीवर भारतीय स्त्रीने वैयक्तिक पदक मिळवल्याची ती पहिली वेळ. त्याआधी तशा पदकासाठी थेट १९५८ च्या मिल्खासिंगांपर्यंत मागे जावे लागते. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

तिच्याविषयी जे जे लिहिले गेले, त्यात एक वाक्य ठरलेले असते: लहानपणी डोंगरातून अनवाणी पाणी वाहून वाहून तिचे पाय तयार झाले. मला हे वाक्य आवडत नाही. वाचायला ते बरे वाटते, आणि आपल्याला त्यातून फार स्वस्तात सुटका मिळते. जणू गरिबी हीच एक व्यायामशाळा! अहो, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या हजारो मुली हंडे वाहत आल्या. त्यांच्यातून धावपटू किती निघाल्या? हंड्याने मानेची हाडे झिजतात. कविता राऊत घडली ती विजेंद्रसिंग नावाच्या एका प्रशिक्षकाची नजर शाळकरी वयात तिच्यावर पडली म्हणून, नाशिकला भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर तिला वर्षानुवर्षे शिस्तीत पळायला मिळाले म्हणून, पुढे ओ.एन.जी.सी.मध्ये नोकरी मिळाली आणि पोटाची काळजी मिटली म्हणून. आणि या सगळ्यानंतर रोज पहाटे उठून ती स्वतः पळाली म्हणून. हे शेवटचे वाक्य पहिल्या तिन्हींइतकेच महत्त्वाचे आहे. पण ते शेवटचे आहे. आपण नेमके तेच आधी म्हणतो आणि बाकीची गाळतो.

(जाता जाता पाण्याचेच एक सांगतो. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे. तेथून रोज सुमारे साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मुंबईला येते. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. दादरला नळ सोडताना हे दर वेळी आठवत नाही, हे मी कबूल करतो.)

राष्ट्रकुल स्पर्धेनंतर साधारण सहा आठवड्यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, चीनमध्ये ग्वांगझूला आशियाई स्पर्धा झाल्या. त्यातली दहा हजार मीटरची शर्यत मास्तरांना तोंडपाठ आहे. केरळच्या प्रीजा श्रीधरनला सुवर्ण, कविताला रौप्य. प्रीजाची वेळ ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद, कविताची ३१ मिनिटे ५१.४४. म्हणजे पंचवीस फेऱ्या पळून दोघींत अंतर एका सेकंदाहूनही कमी! दिल्लीत कविताला याच अंतराला ३३ मिनिटे ५ सेकंद लागले होते. सहा आठवड्यांत तिने सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ कमी केला. दर फेरीमागे तीन सेकंद.

"काका, तीन सेकंद म्हणजे किती, ते या पोरींना विचारा," मास्तर म्हणाले. "अर्धा सेकंद कमी करायला आम्हाला आख्खा पावसाळा लागतो."

दोघीही तेव्हा राष्ट्रीय शिबिरात निकोलाय स्नेसारेव्ह या परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली एकत्र सराव करीत होत्या. रोज एकमेकींच्या पाठीकडे बघत पळायचे, एकत्र जेवायचे आणि शर्यतीच्या दिवशी एकमेकींना हरवायचे! पळणे हा एकट्याचा खेळ, असे आपण समजतो. मला वाटते, कविताच्या त्या रौप्यपदकात प्रीजाचा वाटा होता आणि प्रीजाच्या सुवर्णात कविताचा. माळावरच्या त्या पाळीपाळीने पुढे होण्याचा अर्थ मला तेथे कळला.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मॅरेथॉनमध्ये भारताच्या दोघी धावल्या, ओ. पी. जैशा आणि कविता राऊत. अंतर सव्वीस मैलांचे, ऊन कडक. जैशा शर्यत पुरी करून कोसळली. तिला उपचारांसाठी न्यावे लागले. परत आल्यावर तिने सांगितले की, वाटेत इतर देशांची माणसे आपापल्या धावपटूंसाठी पाणी, पेये घेऊन उभी होती आणि भारताची टेबले रिकामी होती. महासंघाने उत्तर दिले की, खास पेये हवीत का असे आदल्या दिवशी विचारले होते आणि नको असे सांगण्यात आले होते. कविता म्हणाली की, मला विचारले होते, मीच नको म्हटले. माझी तक्रार नाही. मग वाद, मग सरकारी चौकशी.

त्या वेळी घरोघर दोन तट पडले होते. कोणी म्हणे, अधिकारी निर्दय. कोणी म्हणे, पाणी स्वतःचे स्वतः मागता येत नाही का? मी या प्रकरणाचा न्यायाधीश नाही. पण मास्तरांशी बोलताना एक गोष्ट मनात आली, ती लिहितो. कविताने आपल्या 'नको'ची जबाबदारी स्वतःवर घेतली, यात तिचा मोठेपणा आहे. दुसऱ्याच्या माथ्यावर खापर फोडणे त्या दिवसांत तिला फार सोपे होते. परंतु कागदोपत्री 'विचारले' म्हणजे झाले, हे मला पटत नाही. आदल्या दिवशी, सावलीत, खुर्चीवर बसून 'पाणी लागेल का?' या प्रश्नाचे उत्तर निराळे असते आणि तिसाव्या किलोमीटरवर निराळे. टेबलावर बाटली ठेवून द्यावी. घेणे न घेणे तिच्या हाती. बाटली उरली तर काय बिघडले? आपल्या घरी पाहुणा 'जेवूनच आलोय' म्हणाला तरी आपण पान मांडतोच ना?

मास्तरांनी मान हलवली. "तुमचं बरोबर आहे, काका. पण एक विसरू नका. मुलीलाही मागायला शिकवावं लागतं. आमच्या पोरींना 'नको' म्हणायची इतकी सवय! बूट फाटले तरी सांगणार नाहीत. पायाला फोड आला तरी 'काही नाही' म्हणतील. सहन करणं म्हणजेच चांगलं वागणं, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. वहीत 'कुठे दुखते' हा रकाना मी त्यासाठी ठेवला. पहिलं वर्षभर तो सगळ्यांचा कोरा होता."

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी चरकलो. उत्तेजक द्रव्यांविरुद्ध जी जागतिक संहिता आहे, तिचा मूळ नियम असा की, खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. गोळी कोणी दिली, कशासाठी दिली, हा पुढचा प्रश्न. २०२१ पासूनच्या संहितेत अल्पवयीनांना थोडी निराळी वागणूक आहे, परंतु मूळ तत्त्व तेच. तत्त्व म्हणून ते योग्यच असेल. त्यावाचून लबाडांना पळवाट मिळेल. पण जिच्या घरात औषधाच्या पुडीवरची इंग्रजी अक्षरे वाचणारे कोणी नाही, तिच्यावर हे ओझे टाकायचे तर वाचून सांगणारा माणूस आधी तिच्या शेजारी उभा हवा. मास्तर आता मुलींना सर्दीची गोळीसुद्धा नाव तपासल्याशिवाय देत नाहीत.

रात्री जेवणावर मी माझ्या पुतण्याचे 'तिकडे' काढले. नागलीची भाकरी, उडदाचे वरण आणि शेवग्याचा पाला, असा बेत होता. तिकडची एक खरी हकीकत मला ठाऊक होती. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचे अमेरिकन चुलत भावंड म्हणा. २००८ साली काही अमेरिकन मंडळींनी भारतात चेंडू वेगाने आणि अचूक फेकण्याची एक स्पर्धा भरवली. तीत पहिला आला रिंकू सिंग, आणि त्याच्याबरोबर निवडला गेला दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातल्या साध्या घरची मुले, भालाफेक करणारी; बेसबॉल त्यांनी आयुष्यात हाती धरला नव्हता. त्यांना कॅलिफोर्नियाला नेले. टॉम हाउस नावाच्या नामांकित शिक्षकाने काही महिने शिकवले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाने दोघांशी करार केला. त्यावर २०१४ साली हॉलिवूडने चित्रपटही काढला.

चित्रपट बहुधा करारापाशी संपतात. खरी गोष्ट तेथून सुरू होते. तिकडे मोठ्या संघांच्या हाताखाली लहान संघांची शिडी असते. पोरगा करारावर सही करतो, मग एकेक पायरी चढत वर जातो. बहुतेक जण वरच्या पायरीवर कधीच पोचत नाहीत. या शिडीवर त्याला चेंडू फेकायला शिकवणारा असतो, व्यायाम घेणारा असतो, खांदा-कोपर दुखले तर पाहणारा असतो. एकट्याने जबाबदारी घेऊन घडलेला खेळाडू तिकडेही नाही. दिनेशला संघाने दोन वर्षांनी, २०१० साली, मोकळे केले. रिंकू अधिक टिकला. पण कोपराच्या दुखण्याने त्याची वर्षे खाल्ली, आणि पुढे तो कुस्तीच्या तमाशात गेला. दोघांपैकी कोणीही वरच्या पायरीला लागला नाही.

आणि हेही पाहा. त्या शिडीवरच्या पोरांना कित्येक वर्षे राहायच्या जागेची सोय आपली आपणच करावी लागे. तुटपुंज्या पगारात दाटीवाटीने कुठेतरी राहायचे. 'ती तुमची जबाबदारी' असे तिकडेही म्हणत होतेच. खेळाडूंनी आवाज उठवला तेव्हा २०२२ पासून राहण्याची सोय संघांवर आली, आणि त्यांची संघटना होऊन २०२३ साली पगाराचाही पहिला सामुदायिक करार झाला. झोप पुरी झालेला पोरगा चेंडू बरा फेकतो, एवढी साधी गोष्ट कळायला अमेरिकेसारख्या देशाला इतकी वर्षे लागली!

मास्तर ऐकत होते. मग म्हणाले, "तो दिनेश परत आला तेव्हा त्याला घ्यायला कोण गेलं होतं, काका?"

मला याचे उत्तर देता आले नाही. हा प्रश्न मी पुतण्यासाठी घेऊन आलो आहे.

प्रश्न त्यांनी उगीच विचारला नव्हता. त्यांच्या मनात ती उंच, काटक, आठवीतली मुलगी होती. प्रकल्पाच्या क्रीडास्पर्धांत तिने दीड हजार मीटरला बाकीच्यांना पाऊण फेरी मागे टाकले होते. पुढची स्पर्धा दिवाळीनंतर. आणि दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यात काय होते, हे मुंबईत बसून कळत नाही. भात कापून घरात आले की पाडे रिकामे होऊ लागतात. माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. आगाऊ उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. ती फेडायला जावेच लागते. या मुलीचे आईवडील जाणार होते आणि धाकटा पाच वर्षांचा भाऊ सांभाळायला मुलगीही जाणार होती. गेल्या वर्षी ती अशीच गेली आणि होळीला परत आली, तेव्हा दहा फेऱ्या मारताना तिला घेरी आली होती.

"आता तिची जबाबदारी कोणती, सांगा," मास्तर म्हणाले. "वही तिनं बिनचूक ठेवली. एक दिवस चुकली नाही. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं. भावाला सांभाळते, तीही जबाबदारीच की! आपण तिला म्हणायचं काय, भावाला सोड आणि पळ?"

ती स्वतः या बाबतीत बोलत नव्हती. मी एकदा विचारून पाहिले, तर पायाच्या अंगठ्याने माती उकरीत म्हणाली, "आई म्हणेल तसं." माझ्यासारख्या परक्या म्हाताऱ्याला तिने आणखी काय सांगावे?

मास्तर तिच्या घरी दोनदा जाऊन आले होते. आई वाईट नाही. ती म्हणते, पोरीला शाळेत ठेवते, पण पोराचे काय? आश्रमशाळेत पाच वर्षांच्या मुलाला प्रवेश नाही. भट्टीवर विटांच्या राशीत त्याच्याकडे पाहायला कोणी हवे. शेजारच्या पाड्यावर मावशी आहे, ती भट्टीवर जात नाही. पण तिच्या घरात खाणारी तोंडे आधीच सात. त्यात आठवे कसे ठेवणार?

मी तेथे होतो त्याच संध्याकाळी या गोष्टीला थोडे निराळे वळण लागले. ते वळण ना मास्तरांनी दिले ना मी. कातळावर बसलेल्या मुलींपैकी ती फेऱ्या खोट्या लिहिणारी, आता बिनचूक झालेली मुलगी म्हणाली, "सर, नागली निघाली की आम्ही मावशीकडे देऊ. एकेक पायली." आणि मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. कोणाच्या घरी किती पिकते, कोणाचा बाप देईल, कोणाची आई ओरडेल, याचा हिशेब सुरू झाला. मास्तरांनी मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितले. मी खिशात हात घातला होता, तो तसाच बाहेर काढला. पैसे देणे सोपे होते. मास्तरांचे म्हणणे, ते पुढच्या वर्षी कोण देणार? मला ते पुरते पटले असे नाही. परत निघताना बुटांच्या चार जोडांचे पैसे मी त्यांच्याकडे ठेवून आलोच.

मुंबईला आल्यावर पुतण्याला ही सगळी हकीकत सांगितली. तो ऐकून घेत होता. मधेच मोबाईलकडे बघत होता. पण दुसऱ्या दिवशी तो मुलाला घेऊन शाळेत गेला म्हणे, आणि बाहेर उभा राहिला. आत जाऊन खेळाच्या सरांना विचारायचे ते मुलाने एकट्याने विचारले. उत्तर मिळाले ते असे की, फलंदाजी ठीक आहे, पण जमिनीलगत आलेल्या चेंडूला तू वाकत नाहीस. हल्ली तो रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत रबरी चेंडू भिंतीवर मारून वाकायचा सराव करतो. सौ.ची तुळशीची एक कुंडी त्यात कामास आली. तिने एका शब्दानेही तक्रार केलेली नाही, यावरून काय ते ओळखा.

गेल्या आठवड्यात मास्तरांनी मोबाईलवर एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्या मुलीला सोडून बाकीच्या दहा जणींची नावे, आणि प्रत्येकीपुढे नागलीचा आकडा. सातजणींची एकेक पायली. दोघींची अर्धी. दहावीच्या नावापुढे आकडा नाही. तिथे लिहिले आहे, 'रविवारी मावशीचे पाणी भरीन.' त्याखाली अकरावे नाव त्या मुलीने स्वतःच्या अक्षरात घातले आहे. तिच्यापुढेही तेच, फक्त 'रविवारी' खोडून 'शनिवारी, रविवारी' केले आहे.

आई अजून हो म्हणालेली नाही. भात कापून होऊ दे, मग सांगते, म्हणाली आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर कापणी उरकली असेल आणि मोखाड्याच्या रस्त्याला भट्ट्यांचे ट्रक येऊ लागले असतील. काय ठरते ते लगेच कळवा, असे मी मास्तरांना बजावले आहे. अजून फोन आलेला नाही.